एल्फेज नाकाँची बादली

आमच्या साखर कारखान्याच्या टूलरूममध्ये, पान्यांच्या फळीच्या वर, एकोणीस बादल्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एक नाव आणि एक साल. नावं मी रंगवते, कारण टूलरूम माझ्या ताब्यात आहे आणि अख्ख्या कारखान्यात वाचता येईल असं अक्षर फक्त माझं आहे. सातवी बादली माझीच. 'व्हर्जी टूप्स, २००९'. ती रंगवताना मी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

बादली कशी मिळते ते सांगते. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळी भांडी आणि सगळे पाइप उघडतो, साफ करतो आणि पुन्हा जोडतो. दोन पाइप जिथे भेटतात तिथे दोन जाड लोखंडी चकत्या समोरासमोर येतात. त्यांना फ्लँज म्हणतात. मधे गॅस्केट, म्हणजे दाबलं जाणारं मऊ कडं, बसवायचं आणि फ्लँज चारी बाजूंनी बोल्टांनी आवळायचे. ज्याने आवळले त्याने आपल्या नावाचा पत्रा तिथे तारेने बांधायचा. मग आत पाणी भरून दाब द्यायचा आणि खाली उभं राहून बघायचं. थेंब आला तर पुसायचा. पुन्हा आला, पुन्हा पुसायचा. तिसऱ्यांदा आला की वादविवाद बंद. जोड उघडून दुरुस्त होतो, पण पत्र्यावरच्या माणसाच्या नावाने बादली रंगते, आणि हंगाम संपेपर्यंत दुपारचं जेवण त्याने त्या बादलीतून आणायचं.

मी तीन महिने बादलीतून राजमा-भात खाल्ला. त्या वर्षी माणसं कमी होती म्हणून मीही एक जोड आवळायला घेतला आणि जुनंच गॅस्केट परत घातलं. दिसायला ते नव्यासारखं होतं. एकदा दाबलं गेलेलं गॅस्केट पुन्हा फुगत नाही हे कळायला मला तीन थेंब लागले.

तर, कारखान्यात बोल्ट आवळणारी आम्ही वीस जणं आणि बादल्या एकोणीस. ज्याची बादली नाही तो विसावा माणूस म्हणजे एल्फेज नाकाँ. माझ्या थोरल्या बहिणीचा, अर्लीनचा नवरा. माझे दाजी. माझं नशीबच फुटकं.

एकतीस वर्षं दाजींचा एकही जोड गळला नाही. यात त्यांचं कौतुक आहे आणि ते मी नाकारत नाही. पण माणसाने आपलं कौतुक दुसऱ्यासाठी थोडं तरी शिल्लक ठेवावं. दाजी सगळं स्वतःच संपवायचे. दर थँक्सगिव्हिंगला, पंचवीस माणसं जेवायला बसलेली असताना, मला विचारायचे, "व्हर्जे, टर्की ताटात वाढू की बादली आणलीयस?" चौदा वर्षं हाच विनोद. चौदा वर्षं सगळे हसतात. माझी सख्खी बहीणसुद्धा.

कारखान्यात कोणी बोल्ट घेऊन दिसला की त्याला उभ्या उभ्या शिकवणी. "सोळा बोल्ट म्हणजे सोळा भाऊ. एकालाच लाडावलंस की समोरचा रुसतो. म्हणून आधी याला थोडं, मग समोरच्याला थोडं, मग आडव्यातल्या दोघांना. कळलं?" समोरच्याला कळलं असो वा नसो, दाजी पुढे चाललेले. आणि अलीकडे तर माज इतका वाढला होता की कोणी पाठीमागून नमस्कार केला तर मान वळवायचे नाहीत. बॉयलरवरचा लूशियस बातीस्त त्यांना रोज सकाळी "काय नॉन्क, बरं आहे ना?" म्हणायचा. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नॉन्कच म्हणतात. दाजी सरळ पुढे. लूशियस मला म्हणायचा, "तुझ्या दाजींची एक बादली बघितल्याशिवाय मी काही मरत नाही."

मी म्हणायचे, "रांगेत उभा राहा. माझा नंबर आधी आहे."

हा दाजींचा शेवटचा हंगाम. जानेवारीत ते निवृत्त होणार. म्हणजे ही शेवटची संधी. मी तर तीन वर्षांपूर्वीच एक कोरी बादली आणून कपाटामागे लपवून ठेवली होती.

गुरुवारी त्यांनी तिसऱ्या भांड्याच्या वाफेच्या पाइपाचा जोड घेतला. उसाचा रस आटवायची आमची पाच भांडी आहेत, एकेक दोन मजली घराएवढं. तिसऱ्यावरचा हा जोड सगळ्यांत मोठा. पाइप उभा, त्यामुळे फ्लँज टेबलासारखे आडवे, आणि सोळा बोल्ट, एकेक मनगटाएवढा. असा मोठा जोड आवळताना टूलरूमचं माणूस कागद घेऊन शेजारी उभं राहिलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणून मी चार फुटांवर उभी. दाजींच्या हातात टॉर्क पाना, माझ्या खांद्याएवढा लांब. त्यावर आकडा लावायचा आणि ओढायचं. हवा तेवढा जोर बसला की पाना 'कट्ट' करतो, की तिथेच थांबायचं. दर कट्टला मी कागदावर एक खूण करायची.

पहिल्या फेरीत थोडा जोर, दुसरीत दुप्पट, तिसरीत पूर्ण. या तिन्ही समोरासमोर, आडव्यातिडव्या. चौथी फेरी सरळ गोल. मग चार तास थांबायचं, कारण गॅस्केट जेवून आडवं झालेल्या माणसासारखं पसरतं आणि बोल्ट किंचित सैलावतात. मग पाचवी फेरी. सोळा पंचे ऐंशी कट्ट.

दाजी घामाने निथळत होते. मी मागून म्हटलं, "दाजी, पाणी प्या, मरायचंय का?" उत्तर नाही. बोल्टांना ग्रीस जास्त झालंय का, विचारलं. उत्तर नाही. मनात म्हटलं, जा खड्ड्यात, आणि गपचूप खुणा करत राहिले. शेवटी मी कागद पुढे केला. दाजींनी त्यावर न बघता सही ठोकली.

"एकदा बघा तरी," मी समोर जाऊन म्हटलं.

"माझ्या कामाला कागद लागत नाही," दाजी म्हणाले. "कागद तुम्हा बादलीवाल्यांसाठी."

त्या क्षणी मी देवाकडे मागितलं की बाबा, एक थेंब. जास्त नको, एकच.

शनिवारी कारखान्याला आशीर्वाद द्यायला फादर तुआन आले. दरवर्षी हंगामाआधी फादर येतात, ऊस, यंत्रं, ट्रक आणि आम्ही, सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग अंगणात जांबालायाचं, म्हणजे आमच्याकडच्या मसालेभाताचं, जेवण होतं. फादर तुआन वयाने तिशीचे. त्यांचे वडील कोळंबीच्या होडीवर आयुष्यभर राबलेले, त्यामुळे त्यांना यंत्रांतलं चांगलं कळतं. पण म्हाताऱ्या माणसांपुढे त्यांचं काही चालत नाही. कोणी काही मागितलं की नाही म्हणवत नाही त्यांना.

मुकादम रॉबिशो वेळेचा चिकट. त्याने आशीर्वाद आणि पाण्याची चाचणी एकाच वेळी लावली. तिसऱ्या भांड्यात सकाळपासून दाब चढवलेला. फादर एका हातात पाण्याचा प्लास्टिकचा मोठा डबा आणि दुसऱ्यात शिंपडायची दांडी घेऊन फिरत होते. ऊस पिळायच्या चरकावर शिंपडलं, पंपांवर शिंपडलं, मग जिन्याने तिसऱ्या भांड्यावर गेले. तिथे आधीपासून दाजी उभे होते. बाकी आम्ही सगळे खाली, टोप्या काढून. वर काय झालं ते कोणाला दिसलं नाही. फादरांना मात्र वर जरा वेळच लागला.

खाली आल्यावर लूशियस पुढे झाला. "फादर, आता माझा बॉयलर."

फादरांनी डबा उलटा केला. त्यातून काही आलं नाही.

"संपलं?" लूशियस म्हणाला. "एवढा डबा? गेल्या वर्षी उरलेल्या पाण्याने तुम्ही माझा ट्रकसुद्धा भिजवला होता."

"यंदा... यंदा जरा जास्त लागलं," फादर म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कोरड्याच हाताने बॉयलरवर क्रूस काढला. लूशियसचं काही समाधान झालं नाही. तो रुसून तिसऱ्या भांड्याखाली जाऊन उभा राहिला आणि त्यामुळेच तो थेंब त्याच्या टकलावर पडला.

लूशियसने टकलावर हात फिरवला. वर बघितलं. मग त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं तसं मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"रॉबिशो," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "जरा इकडे ये रे. आणि फडकं आण."

पाच मिनिटांत सगळा कारखाना तिथे. अंगणातून लोक चमचे हातात घेऊन धावत आले. दाजींच्या जोडाखाली, चार नंबरच्या बोल्टाच्या नटाला, एक थेंब लोंबत होता. सुंदर, गोल. मी देवाचे आभार मानले.

रॉबिशोने वर चढून नट पुसला. "एक."

"दाबाचा काटा बघा," दाजी म्हणाले. "केसभर हललेला नाही. जोड गळतोय तर दाब का उतरत नाही?"

"नॉन्क, त्या काट्याचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे," लूशियस म्हणाला. "तो शेवटचा हलला तेव्हा मी शाळेत होतो."

आम्ही वाट बघितली. दहा मिनिटांनी दुसरा थेंब आला, आणि तोही दुसऱ्याच नटाला. रॉबिशोने पुसला. "दोन."

 दाजींची नजर फादरांकडे गेली. फादर छताकडे बघत जपमाळ ओढत होते, आणि इतक्या भराभर की मणी तुटायचे. मला वाटलं, बिचारा दाजींसाठी प्रार्थना करतोय.

तिसरा थेंब आला तेव्हा जो ओरडा झाला त्याने बायूच्या, आमच्या संथ खाडीच्या, पलीकडची कुत्री भुंकायला लागली. लूशियस नाचला. एकोणीस बादलीवाले एकमेकांना मिठ्या मारत होते, त्यात दोन जण असे की जे हद्दीच्या भांडणावरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"व्हर्जी, बादली," रॉबिशो म्हणाला. "कोरी आहे का एखादी?"

"असेल एखादी," मी म्हटलं आणि धावत गेले. साठी उलटल्यावर माणूस धावतं ते अशाच कारणांसाठी.

मी बादली, रंग आणि ब्रश घेऊन आले आणि सगळ्यांसमोर उलट्या पिंपावर बसले. दाजी जिना उतरून खाली आले होते. मला वाटलं होतं ते भांडतील. नियम काढतील, काट्याचा विषय काढतील, मला शिव्या देतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. टोपी हातात घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले.

"लिहू ना?"

"लिही म्हटलं ना. स्पेलिंग नीट लिही."

मी पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढलं. चौदा वर्षं या क्षणाची वाट बघितली होती मी, झोपेतसुद्धा ही अक्षरं गिरवली होती. पण खरं सांगायचं तर मला मुळीच मजा येत नव्हती. माणूस भांडला असता तर मजा आली असती. हे असं मुकाट उभं राहिलेलं बघून मला त्यांचाच राग आला. तिसरं अक्षर मी मुद्दाम हळू काढलं.

तेवढ्यात वरून रॉबिशो म्हणाला, "थांब गं जरा."

तो जोडाखाली आडवा झाला होता. एकेक नट बोटाने चाचपत होता. "कोरडा आहे."

"पुसलास म्हणून कोरडा आहे," लूशियस म्हणाला.

"पुसून वीस मिनिटं झाली. सोळाच्या सोळा कोरडे. गळती अशी आपोआप थांबत नसते, लूशियस. गळका जोड वाढत जातो, कमी होत नाही. हे पाणी आतलं नाही. बाहेरून कुठून तरी पडलंय."

"बाहेरून कुठून? पाऊस आहे का?"

 मग लूशियसच्या डोक्यात काहीतरी पेटलं. त्याने फादरांचा रिकामा डबा उचलला, हलवला, आणि फादरांसमोर धरला.

"फादर. माझ्या बॉयलरचं पाणी कुठे गेलं?"

"मी काही सांगू शकत नाही," फादर म्हणाले.

"सांगू शकत नाही की आठवत नाही?"

"लूशियस, मी का सांगू शकत नाही हेसुद्धा मी सांगू शकत नाही."

आम्ही सगळे जन्माचे कॅथलिक. ते वाक्य कानावर पडताच सगळ्यांना कळलं. पाद्री असं एकाच बाबतीत बोलतो. पापाची कबुली द्यायच्या पेटीत जे कानावर पडलं ते त्याने बाहेर बोलायचं नसतं, मान हलवूनसुद्धा सुचवायचं नसतं. म्हणजे कोणीतरी गेल्या एक-दोन दिवसांत पेटीत जाऊन काहीतरी कबूल केलं होतं, आणि त्याचा या पाण्याशी संबंध होता. फादरांचे कान आता इतके लाल झाले होते की त्यांच्यावर कॉफी उकळली असती.

सगळे दाजींकडे बघायला लागले.

रॉबिशो खाली उतरला आणि दाजींच्या समोर येऊन उभा राहिला. तो माणूस चिकट असला तरी सरळ आहे. "नॉन्क, तीन थेंब आले, नियमाने बादली तुमची. पाणी बाहेरचं असेल तर बादली नाही. पण बाहेरचं आहे हे कोणीतरी सांगायला हवं. फादर सांगू शकत नाहीत. उरलात तुम्ही."

दाजींनी टोपी गोल गोल फिरवली. माझ्या मांडीवर अर्धी रंगवलेली बादली. खरं सांगितलं की ती पुसली जाणार होती, त्यांचं नाव एकतीस वर्षांनीही कोरं राहणार होतं. मला कळेना, हा माणूस बोलत का नाही. आमच्यापुढे वर्षानुवर्षं कधी गप्प न बसलेला माणूस.

"पाणी फादरांचं आहे," शेवटी दाजी म्हणाले. "मीच सांगितलं होतं. म्हटलं, अख्खा डबा माझ्या जोडावर ओता. त्यांनी ओतला. बोल्टांच्या भोकांत पाणी उतरलं असेल, तेच नटातून झिरपलं."

"अख्खा?" लूशियस म्हणाला.

फादरांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं पोरगं आता खाली बसतंय.

मग हशा झाला. दाजींना आशीर्वाद लागतो, आणि तोही डबाभर. "बोल्टाचं काम मी करतो, देवाने फक्त बघावं" असं म्हणणारा माणूस हाच. लूशियस तर डोळे पुसत म्हणाला, "नॉन्क, जिंकलात तुम्ही. बादली नाही, पण हे आम्ही तुम्हाला जन्मभर ऐकवणार." तो दाजींच्या पाठीमागे उभा होता. दाजींनी वळून बघितलं नाही.

"मी जिंकलो नाही," दाजी म्हणाले. ते रॉबिशोशीच बोलत होते, त्याच्या तोंडाकडे बघत. "पेटीत मी काय सांगितलं ते ऐकायचंय? मी खोटी सही केली, हे सांगितलं. पान्याचा कट्ट मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. आधी हाताला कळायचं, पाना थोडा झटका देतो ना, तेवढं कळायचं. यंदा बोटंही बधिर झालीत. गुरुवारी मी ऐंशी वेळा ओढलं आणि एकदाही मला नक्की कळलं नाही की बसला की नाही बसला. वाफेचा जोड आहे. खाली माणसं काम करतात. लूशियस त्याच्या खालून दिवसातून शंभरदा जातो. आणि मी सही करून घरी गेलो, कारण एकतीस वर्षं झाल्यावर मला ऐकू येत नाही म्हणून सांगायची लाज वाटली. झोप आली नाही. मग फादरांना म्हटलं, माझ्याकडून राहिलं असेल तेवढं देवाने बघावं."

हसू थांबलं. लूशियस हळूच पाठीमागून पुढे आला आणि दाजींना दिसेल असा उभा राहिला. तीन वर्षांचे सगळे नमस्कार त्याच्या चेहऱ्यावर एकदम परत आलेले मला दिसले. माझ्याही आले. दाजी पाणी प्या, म्हटलं होतं. जा खड्ड्यात, म्हटलं होतं. मला स्वतःची अशी लाज वाटली की ब्रश कुठे ठेवावा ते सुचेना.

"उघडा तो जोड," दाजी रॉबिशोला म्हणाले. "नवं गॅस्केट घाला आणि दुसऱ्या कोणाकडून तरी आवळून घ्या. ज्याला ऐकू येतं अशाकडून. आणि तू काय थांबलीस, व्हर्जे? लिही पुढे. बादली माझीच आहे."

मी उठले. माझा आवाज तसा गावात कोणाला विसरता येण्यासारखा नाही, पण नेमका त्या वेळी निघाला तो पुटपुटल्यासारखा. मी म्हणाले, "दाजी, सगळे कट्ट मी ऐकले."

"काय?" दाजी म्हणाले.

"मी ऐकले म्हटलं."

"काय म्हणते ही?" त्यांनी रॉबिशोला विचारलं.

मग मात्र मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडायला लाज वाटली. "ऐंशी कट्ट झाले, दाजी. ऐंशीच्या ऐंशी. एकही राहिला नाही. प्रत्येक माझ्या कानांनी ऐकलाय आणि प्रत्येकाला खूण केलीय. देवाकडे कशाला गेलात? मी चार फुटांवर उभी होते. मला विचारायचं होतंत."

दाजी माझ्या ओठांकडे बघत राहिले. अंगणातून अर्लीनने जेवायला हाक मारली, दोनदा मारली. कोणी हललं नाही.

"कागद आहे?" दाजी म्हणाले.

मी टूलरूममध्ये जाऊन कागद आणला. दाजींनी खिशातून चष्मा काढला, तो शर्टाला पुसला, पिंपावर माझी रंगाची बादली बाजूला सरकवून कागद पसरला आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. एक. दोन. तीन. त्यांना घाई नव्हती. मधे एकदा हिशोब चुकला म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लूशियस त्यांच्या शेजारी वाकून उभा होता आणि ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होता. जांबालाया निवून गेला. ऐंशी होईपर्यंत कोणी जेवायला गेलं नाही.